उजवा हात, कोपर कानाच्या वर

सेक्रेटरींचा उजवा हात वर जाईनासा झाला, तेव्हा ते छत ठोकत होते.

छत ठोकणं हा काही त्यांचा छंद नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता. ते रस्त्याने दिसले की दुकानदार तराजूवर फडकं टाकत. अशा माणसाने निवृत्तीनंतर काय मागावं? दुपारी जेवण झाल्यावर पलंगावर आडवं व्हावं आणि घटकाभर डोळा लागावा, इतकंच. इमारतीचं सेक्रेटरीपद त्यांनी मागितलं नव्हतं. ते त्यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि एकदा पडल्यावर त्यांनी ते कुणाला काढूही दिलं नव्हतं. पण झोपेचं तसं नाही. झोप हा माणसाचा हक्क आहे, असं ते सभेत दोनदा बोलले होते.

त्यांच्या बायकोला हे न सांगता कळलेलं होतं. सकाळी उठल्यावर ती चवड्यांवर चालायची. टाच म्हणून जमिनीला लावायची नाही. आपली साखरझोप मोडू नये म्हणून ही बाई मांजरीच्या पावलांनी फिरते, याचं सेक्रेटरींना फार कौतुक होतं. ते हे चारचौघांत सांगत आणि वर, "हल्लीच्या पिढीत हे नाही," असंही म्हणत.

हल्लीची पिढी त्यांच्या डोक्यावरच राहत होती. वरच्या मजल्यावर एका फिजिओथेरपिस्ट मुलीने दवाखाना थाटला आणि बरोब्बर सेक्रेटरींच्या पलंगाच्या वर एक यंत्र आणून ठेवलं. दुपारची जेवणं आटोपली की ते सुरू व्हायचं. टक्‌टक्‌टक्‌टक्‌टक्‌. मग थांबायचं. आता संपलं, असं म्हणून सेक्रेटरी कूस बदलायचे, पापण्या जड व्हायच्या, की पुन्हा टक्‌टक्‌टक्‌. सलग आवाज असता तर एक वेळ सवय झाली असती, गिरणीशेजारी माणसं झोपतातच. पण हा आवाज झोप लागायची वाट बघून मग सुरू होणारा होता. डोक्यावर मिरे वाटणं म्हणजे काय, ते सेक्रेटरींनी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलं होतं. अनुभव घ्यायला साठी उलटावी लागली.

म्हणून ते पलंगावर उभे राहायचे आणि कपडे वाळत घालायच्या लांब काठीने छत ठोकायचे. चांगले जोर लावून, हात पूर्ण वर नेऊन. वरची टक्‌टक्‌ थांबायची नाही, पण आपण निषेध नोंदवला, याचं समाधान मिळायचं. असा निषेध त्यांनी कित्येक महिने नेमाने नोंदवला. आणि एका दुपारी काठी वर गेली, खांद्यात सणकन कळ आली, काठी सुटली आणि पाण्याच्या तांब्यावर पडली. गादी भिजली. वरची टक्‌टक्‌ चालूच राहिली.

बायको घरी नव्हती. ती हल्ली आठवड्यातून एकदा नेमकी या वेळेला भाजी आणायला जायची आणि बहुतेक वेळा रिकामी पिशवी घेऊन परत यायची. भाजी चांगली नव्हती, म्हणायची. सेक्रेटरींनी त्यावर कधी विचार केला नाही. भाजीवाल्यांबद्दलचं त्यांचं मत नोकरीत असल्यापासूनच वाईट होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना सदरा घालता येईना. डावा हात आत जायचा आणि उजवी बाही हवेत लोंबत राहायची. बातमी जिन्यातून खाली गेली आणि सल्ले जिन्यातून वर आले.

तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "शेकायचं. दुसरं काही करायचं नाही. आणि हात अजिबात हलवायचा नाही."

चेअरमन म्हणाले, "बर्फ लावा. आणि हात हलवता ठेवा. माझ्या साडूने हलवला नाही, तर त्याचा तसाच राहिला." चेअरमनना कमी ऐकू यायचं आणि कानातलं यंत्र ते बहुधा घरी टेबलावर ठेवून यायचे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा. वरच्या टक्‌टकीबद्दल त्यांचं मत विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "छान मुलगी आहे."

समोरच्या दारात राहणारे गृहस्थ इमारतीत 'मुद्देवाले' म्हणून ओळखले जात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'मुद्दा असा आहे'ने सुरू व्हायचं. ते खांदा बघायला आले, खुर्चीत बसले आणि स्वतःचा गुडघा उघडून दाखवू लागले. "मुद्दा असा आहे, तुमचं हे काहीच नाही. हे बघा. वाकवला की आतून करकर येते. येते की नाही? कान लावा." सेक्रेटरींनी कान लावला. आजारी कोण आणि भेटायला आलंय कोण, हे त्या घरात आठवडाभर ठरेना.

सेक्रेटरींच्या मनात मात्र खांद्याला दुय्यम स्थान होतं. मुख्य प्रश्न टक्‌टकीचा होता. त्यांनी नगरपालिकेत तक्रार ठोकली. बऱ्याच खेपांनंतर एक आवाज-निरीक्षक आवाज मोजायचं उपकरण घेऊन आला, आणि आला तो नेमका दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. वर चिडीचूप. सेक्रेटरी म्हणाले, "उद्या या." तो म्हणाला, "साहेब, उद्या मी दुसऱ्या वॉर्डात." सेक्रेटरींनी त्याच्या हातातलं उपकरण बघितलं आणि त्यांच्यातला जुना निरीक्षक जागा झाला.

"याची पडताळणी कधी झाली होती? शिक्का दाखवा. हा शिक्का मुदतबाह्य आहे! मुदतबाह्य उपकरण घेऊन तुम्ही सरकारी काम करता? लाज नाही वाटत?"

हे ते इतक्या पोटतिडकीने बोलले की उपकरणाचा काटा लाल पट्ट्यात गेला. निरीक्षकाने शांतपणे लिहून घेतलं. महिनाभराने नगरपालिकेचं उत्तर आलं की पाहणीत आवाजाची मर्यादा एकदा ओलांडलेली आढळली, ती तक्रारदाराच्या निवासस्थानी, सबब तक्रारदाराने यापुढे काळजी घ्यावी. हे वाचून सेक्रेटरींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मस्तकावर टक्‌टक्‌ चालू होतीच.

आता एकच मार्ग उरला, सर्वसाधारण सभा. निवासी इमारतीत ठोकाठोकीचा व्यवसाय चालू देऊ नये, असा ठराव सेक्रेटरींनी स्वतः लिहिला. मग घरोघर फिरून अंदाज घेतला. मावशी बाजूने होत्या, कारण दवाखान्यात येणारी माणसं लिफ्टची दारं उघडी टाकतात. मुद्देवाले सेक्रेटरी ज्याच्या बाजूने असतील त्याच्या विरुद्ध असत, तेव्हा ते गेलेच. बाकीचे अर्धे इकडे, अर्धे तिकडे. सगळं काठावर होतं. ठराव पास व्हायचा तर तो सेक्रेटरींच्या स्वतःच्या मतानेच होणार, हे स्पष्ट दिसत होतं.

आणि इथेच त्यांना घाम फुटला.

इमारतीत मतदानाचा नियम होता. पूर्वी लोक कसाही हात वर करत. एकदा एक सभासद डोकं खाजवत होता, त्याचं मत धरलं गेलं आणि गच्चीला नको तो रंग लागला. एकाने दोन्ही हात वर केले आणि तो दोनदा मोजला गेला. तेव्हा सेक्रेटरींनीच पुढाकार घेऊन नियम केला. मत द्यायचं ते फक्त उजव्या हाताने, कोपर कानाच्या वर, आणि मोजणी संपेपर्यंत हात खाली आणायचा नाही. मापात पाप त्यांना खपत नसे. या नियमाचा त्यांना इतका अभिमान होता की तो त्यांनी जिन्याखाली फळ्यावर रंगवून घेतला होता.

त्यांनी आरशासमोर उभं राहून हात उचलला. कोपर खांद्यापर्यंतसुद्धा पोचेना. कान तर दूरच राहिला.

ते चेअरमनकडे गेले. "अपवाद करता येईल का? डाव्या हाताने?"

चेअरमननी त्या दिवशी नेमकं कानातलं यंत्र घातलं होतं. "नियम तुमचाच," ते म्हणाले.

"मग नियम बदलू या."

"बदलायला आधी तीन महिन्यांची नोटीस लागते. तोही नियम तुमचाच. आणि नोटिशीची मुदत गेली."

आयुष्यात पहिल्यांदा सेक्रेटरींना वाटलं की हा माणूस बहिरा असलेलाच बरा.

तेव्हा कुठे ते खांदा घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला आणि एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "कॅल्शियम साठलंय. स्नायू हाडाला जिथे बांधला जातो, त्या दोरीत. खडूच्या तुकड्यासारखं."

"माझ्या खांद्यात?" सेक्रेटरींनी असं विचारलं, जणू कुणी परवानगीशिवाय बांधकाम केलं होतं.

"होतं असं. त्यातून हात सतत वर धरून काम करणाऱ्यांची ही जागा जास्त दुखावते. रंगारी, सुतार वगैरे. तुम्ही काय करता?"

"सामाजिक कार्य," सेक्रेटरी म्हणाले.

गोळ्यांनी भागलं नाही, व्यायामाने थोडंच भागलं. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "शॉकवेव्ह घ्या. घाबरू नका, त्यात वीजबीज अंगात जात नाही. हवेच्या दाबाने एक छोटासा दट्ट्या आतल्या आत आपटतो आणि ते ठोके दुखऱ्या जागी पोचतात. झोपलेली दुरुस्ती जागी होते, म्हणा ना. आठवड्याला एकदा, असं चार-पाच वेळा. आमच्या इस्पितळात यंत्र होतं, पण त्याचा एक भाग मोडलाय आणि तो यायला किती दिवस लागतील ते देवाला ठाऊक. मी दुसरा पत्ता देतो. मुलगी हुशार आहे."

सेक्रेटरींनी चिठ्ठी घेतली, चष्मा लावला आणि पत्ता वाचला. तो त्यांना तोंडपाठ होता. गेली वीस वर्षं ते तोच पत्ता लिहीत होते, फक्त मजला एकाने कमी.

तीन दिवस ती चिठ्ठी खिशात घेऊन ते घरात येरझारा घालत राहिले. हा काय न्याय झाला? ज्या यंत्राने झोप नेली, झोपेपायी ज्याच्यावर काठी उगारली, आणि काठीपायी ज्याने खांदा नेला, त्याच्याच पुढ्यात खांदा नेऊन ठेवायचा? पण सभा जवळ येत होती. मत द्यायचं तर हात हवा, हात हवा तर यंत्र हवं, आणि यंत्र घालवायचं तर मत हवं. ज्या शस्त्राने शत्रूचा काटा काढायचा ते शत्रूकडूनच परजून घ्यायचं, यात कमीपणा नाही, उलट मुत्सद्देगिरी आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"जरा वाचनालयात जाऊन येतो," ते बायकोला म्हणाले. "आणि हे बघ, माझा हात चालत नाही तोवर काठी तुझ्याकडे. टक्‌टक्‌ सुरू झाली की ठोकायचं. निषेधात खंड पडता कामा नये."

"बरं," बायको म्हणाली. हल्ली ती एका शब्दात उत्तरं देत असे.

सेक्रेटरी एक मजला खाली उतरले, दोन्हीकडे बघितलं आणि मग दोन मजले वर चढले. दार त्या मुलीनेच उघडलं.

"या काका. मी वाटच बघत होते."

"म्हणजे?"

"इतके महिने छत ठोकल्यावर खांदा आज ना उद्या येणारच होता."

सेक्रेटरींनी ताठ मान केली. "हे बघा, मी इथे आलो म्हणजे माझा विरोध मावळला असं समजू नका."

"नाही समजत. सदरा काढा."

सदरा एका हाताने निघेना. तिने मदत केली. विरोधकाकडून सदरा काढून घेताना माणसाने चेहरा कसा ठेवावा, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. सेक्रेटरी पलंगावर बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्याच पलंगाच्या बरोबर वर बसलो आहोत. पंखासुद्धा त्याच जागी होता.

"हात किती दिवसांत वर जायला हवा?" तिने विचारलं.

"सभेच्या आत."

"का बरं?"

सेक्रेटरी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, म्हणजे वाचनालय सोडलं तर. "तुम्हाला इथून काढायच्या ठरावावर मत द्यायला," ते म्हणाले.

तिने खोलीकडे एकदा नजर फिरवली, भिंतीवरच्या रबरी पट्ट्या, कोपऱ्यातला मोठा चेंडू, खिडकीतलं तिनेच लावलेलं रोप. मग ती म्हणाली, "असं होय. मग व्यायाम मनापासून करावा लागेल. नुसत्या यंत्राने होणार नाही."

तिने खांद्यावर गार मलम फासलं, यंत्राची मूठ टेकवली आणि बटण दाबलं. टक्‌टक्‌टक्‌टक्‌टक्‌. खालून ऐकताना हा आवाज लाकडावर बोट वाजवल्यासारखा यायचा. इथे तो थेट हाडात वाजत होता. सेक्रेटरी ओरडले. मग, आपण ओरडतोय हे ध्यानात येऊन, खोकले.

"दुखतंय का? सहन होईल इतकंच ठेवते."

"मला काही होत नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी चादरीचा कोपरा मुठीत घट्ट धरला.

इतक्यात पलंगाखालून दणका बसला. धाड. मग आणखी एक. धाड, धाड. जमीन हादरली.

"हे काय?" सेक्रेटरी दचकून म्हणाले.

"काही नाही, खालच्या मजल्यावरचं नेहमीचंच आहे," मुलगी यंत्र न थांबवता म्हणाली. "पण आज ताल चांगला आहे."

घरी परत आल्यावर सेक्रेटरींनी सदऱ्याची उलटीसुलटी लागलेली बटणं नीट करत विचारलं, "एवढ्या जोरात ठोकायचं काय कारण होतं?"

"तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"हो, पण वरच्या माणसाचा काही विचार?"

बायको पोळपाट पुसत होती. "वर कोण आहे ते मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "तुम्हाला तरी कधी ठाऊक असायचं?" सेक्रेटरींना हा प्रश्न अप्रस्तुत वाटला आणि त्यांनी तो सोडून दिला.

पुढचे दोन दिवस खांदा आधीपेक्षा जास्त दुखला. सेक्रेटरी जाब विचारायला वर गेले, अर्थात वाचनालयातून. मुलगी म्हणाली, हे व्हायचंच, बर्फ लावू नका, मनाने गोळ्या घेऊ नका, आणि भिंतीवर बोटं चालवत चालवत हात वर न्या. सेक्रेटरींनी शयनगृहाच्या भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवायला सुरुवात केली. जिथपर्यंत पोचेल तिथे ते पेन्सिलने बारीक रेघ मारत. मापाचा माणूस तो, रेघ मारल्याशिवाय प्रगतीवर विश्वास कसा ठेवणार? रेघा वर चढू लागल्या. आधी रडतखडत, मग बऱ्या. एक दिवस रेघ दिव्याच्या बटणाच्या वर गेली, आणि सेक्रेटरींना इतका आनंद झाला की वर जाऊन त्या मुलीला सांगावंसं वाटलं. ते जिन्याच्या अर्ध्यावर पोचले, तेव्हा आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते रागाने परत फिरले.

पुढच्या खेपेला दवाखान्यातून उतरताना मुद्देवाले भेटले. "वरून येताय?"

"पाहणीला गेलो होतो."

"मुद्दा असा आहे," मुद्देवाले त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाले, "पाहणीला जाणाऱ्या माणसाच्या मानेला मलम कशाला लागतं?"

सेक्रेटरींनी सदऱ्याची कॉलर वर केली आणि ते खाली उतरले. मुद्देवाल्यांना त्यांच्याबद्दल जुना राग होता. मागच्या सभेत सेक्रेटरींनी त्यांचा भर सभेत वर गेलेला हात खाली बसवला होता. घराच्या कागदावर मुद्देवाल्यांच्या आईचं नाव पहिलं, त्यांचं दुसरं, आणि आई सभेत हजर होती. पहिल्या नावाचा सभासद हजर असेल तर दुसऱ्या नावाला मत नाही, हा नियम सेक्रेटरींनी तिथल्या तिथे पुस्तक उघडून वाचून दाखवला होता. ऐंशीच्या घरातल्या त्या माउलीने मग मुलाच्या विरुद्ध मत दिलं होतं.

सभेचा दिवस उजाडला. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. चहा होता, म्हणून माणसंही आली. फिजिओ मुलगी भाडेकरू, तिला मत नव्हतं, पण ती शेवटच्या रांगेत भिंतीशी येऊन बसली. थोड्या वेळाने दारातून सेक्रेटरींची बायको आत आली. ती आजवर एकाही सभेला आली नव्हती. आपला विजय बघायला आली, असं समजून सेक्रेटरी भारावले. मुलीच्या शेजारची खुर्ची सोडून दुसरी कुठे बसली असती तर बरं दिसलं असतं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

भाषण त्यांनी जोरदार केलं. झोप, नागरिकाचे हक्क, घर आणि बाजार यांतला फरक, लिफ्टची दारं. मावशींनी लिफ्टच्या ठिकाणी टाळ्या वाजवल्या. चेअरमन उठले. "ठरावाच्या बाजूने कोण? नियमाप्रमाणे हात वर करा."

हात वर होऊ लागले. सेक्रेटरींनी श्वास घेतला आणि दात आवळून आपला हात उचलला. खांद्याच्या उंचीला नेहमीची कळ यायची, तिथे ते तयारीने थांबले. कळ आली नाही. हात पुढे गेला. गालाशी गेला, कोपर कानापाशी आलं, कानाच्या वर गेलं, आणि हात सरळ छताकडे ताठ उभा राहिला. घरच्या भिंतीवर तो इतका वर कधीच गेला नव्हता. सेक्रेटरी स्वतःच मान वळवून त्याच्याकडे बघत राहिले.

सगळा हॉल बघत राहिला.

"अगंबाई," मावशी म्हणाल्या. "गेल्या महिन्यात तर तुम्हाला सदरा घालता येत नव्हता! हे कुणी केलं?"

"मतदान चालू आहे," सेक्रेटरी म्हणाले. "बोलू नये."

"अहो, पण कुणी?"

सेक्रेटरींनी इकडेतिकडे बघितलं. आयुष्यभर दुसऱ्यांना खरं वजन सांगायला लावलेला माणूस, त्याची जीभ ऐनवेळी खोटं बोलायला वळेना. "वरच्या मजल्यावर," ते पुटपुटले.

चेअरमनना ऐकू आलं नाही. "कुठे?"

"वरच्या मजल्यावर!" सेक्रेटरी गरजले.

मावशींचा वर गेलेला हात खाली आला आणि त्यांनी दुसऱ्या हाताने स्वतःचं कोपर दाबून बघितलं. "माझं हे पिळताना दुखतं, त्याला चालेल का ते?" त्यांनी मागे वळून मुलीला विचारलं. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांचा हात मांडीवर गेला, दुसऱ्यांचा कमरेवर. जो तो खुर्चीत मागे वळून आपापलं दुखणं सांगू लागला. बघता बघता हॉलमध्ये एकच हात वर उरला.

"बाजूने एक," चेअरमन म्हणाले.

"मुद्दा असा आहे," मुद्देवाले उभे राहिले. या क्षणाची त्यांनी वर्षभर वाट बघितली होती. "तो एकही धरता येणार नाही. घर वहिनींच्या नावावर आहे, यांचं नाव दुसरं. वहिनी हजर आहेत. नियम सेक्रेटरींनीच आम्हाला वाचून दाखवला होता."

नियम बरोबर होता. त्यांनी आयुष्यात चुकीचा नियम कधी वाचून दाखवला नव्हता.

"मग तुमचं मत सांगा, वहिनी," चेअरमन म्हणाले.

त्यांची बायको उठून उभी राहिली. "माझं मत विरुद्ध," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "वर्षभराने आज मी दोन्ही टाचा टेकून उभी आहे. सकाळी पाऊल खाली ठेवलं की टाचेत सुरी घुसल्यासारखं व्हायचं. म्हणून चवड्यांवर चालायचे. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, माझी झोप मोडू नये म्हणून हळू चालते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, चपला बदल."

मावशींनी नजर खाली घातली.

"मग मी हिच्याकडे जायला लागले, दुपारी. भाजीला जाते म्हणून. मी वर पडलेली असायचे आणि खालून तुम्ही काठीने ठोकायचात. एकदा तर मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही."

रिकाम्या पिशव्या एकामागून एक सेक्रेटरींच्या डोळ्यांसमोर आल्या. सणसणीत उत्तर द्यावं, असं पहिल्यांदा वाटलं, कारण भर सभेत असं बोलणं शिस्तीला धरून नव्हतं. पण आपल्याला लाज वाटते आहे, हे त्यांना उभ्या जागी कळलं. हात अजून वरच होता. मोजणी संपल्याचं चेअरमननी जाहीर केलं नव्हतं.

"काका," मागून मुलीचा आवाज आला, दवाखान्यात असायचा तसाच. "आता हळूहळू खाली आणा. एकदम सोडू नका."

सेक्रेटरींनी हात हळूहळू खाली आणला. ठरावाच्या बाजूने शून्य, असं चेअरमननी मोठ्याने सांगितलं आणि चहा आला.

त्यानंतर वरचा दवाखाना दिवसभर भरलेला असतो. मावशींचं कोपर, मुद्देवाल्यांचा गुडघा, चेअरमनच्या साडूंचा तसाच राहिलेला खांदा. पूर्वी निदान सकाळ शांत जायची, आता तीही गेली. त्यात मुद्देवाले पलंगावरसुद्धा मुद्दे मांडतात, ते खालपर्यंत ऐकू येतात. सेक्रेटरी या सगळ्यावर अतिशय संतापलेले आहेत आणि ते तसं कुणालाही बोलून दाखवतात. काठी मात्र परत गच्चीत गेली आहे. तिच्यावर कपडे वाळतात.

आणि पहाटे नवीनच त्रास सुरू झाला आहे. बायको उठते आणि घरभर चालते. धप्‌ धप्‌ धप्‌, टाच टेकून, बिनधास्त. स्वयंपाकघरापर्यंत जाते, परत येते, काहीतरी विसरलं म्हणून पुन्हा जाते. साखरझोपेचा पार चुराडा होतो. पहिल्या दिवशी सेक्रेटरी डोळे मिटूनच ओरडले, "अगं, जरा—"

"काय?" ती दारात थांबून म्हणाली.

सेक्रेटरी पडल्या पडल्या ऐकत राहिले. ती थांबली होती म्हणून घरात अगदी शांत होतं, त्यांना इतकी वर्षं हवं होतं तसं.

"काही नाही," ते म्हणाले. "चाल तू."

पुन्हा धप्‌ धप्‌ सुरू झालं. सेक्रेटरींनी उजवा हात उचलला, कोपर कानाच्या वर नेलं, आणि मनातल्या मनात चरफडत पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.